पोटाच्या तक्रारी आणि पोटभर जेवण

(संस्थेच्या अभ्यासिकेत विद्यार्थी, पालक व सभासद यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या विषयावर खरे तर एखाद्या डॉक्टरांनी बोलावयास हवे होते. मी बँकेत लिपिक आहे. शिक्षण कला शाखेचे, बी.ए.ला विषय होते मराठी आणि इतिहास. आरोग्यशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की गेली काही वर्षे माझे पोट बिघडलेले आहे. तरीही आपल्या सचिवांनी मलाच उभे केले, ह्याला कारण घडले ते मैदानावर. आपल्यापैकी बरेचजण त्या पहाटे तेथे हजर होते. पोलीस भरतीच्या मुलांबरोबर धावताना तिसऱ्या फेरीत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवा झालो. मुलांनी उचलून पारावर नेऊन निजविले. कोणी म्हणाले हार्टचे असेल, कोणी म्हणाले शुगर असेल. दोन्ही नव्हते. काय होते तेच आज सांगावयाचे आहे, कारण तेच दुखणे, कमी-अधिक प्रमाणात, ह्या सभागृहातील आणखी पाच-दहा जणांना असावे असा माझा दाट संशय आहे.

माझी नोकरी तालुक्याच्या गावी. रोजचा जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर एस.टी.चा प्रवास. शाखेत माझ्याकडे बहुतेक वेळ रोकड, म्हणजे कॅश काउंटर. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅशवर बसलेला माणूस मनात येईल तेव्हा उठू शकत नाही. नोटा आत ठेवा, कुलूप लावा, केबिनचे दार बंद करा, आणि रांगेतील माणसांचे बोलणे ऐका. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला जुलाबाचे एक जोरदार दुखणे झाले. ते आठवड्यात थांबले, पण पोट काही पूर्वीसारखे झाले नाही. जेवले की गच्च होणे, कळ येणे, कधी चार दिवस साफ होणार नाही तर कधी एका सकाळी चारदा धावपळ. एकदा एक तारखेला, पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली, हातातले बंडल अर्धे मोजून झालेले, आणि मला उठावे लागले. परत आलो तेव्हा खिडकीसमोरचे वृद्ध गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचे जेवण बंद केले.

येथून पुढे जे झाले ते इतके हळूहळू झाले, की घरातल्या कोणाच्या लक्षात आले नाही. दुधाने गॅस होतो म्हणून दूध सोडले. कोणी सांगितले तूरडाळ पित्त करते, ती गेली. हरभरा, वाटाणा, मटकी तर गेलीच. शेंगदाणे जड, अंडे उष्ण, मटण नकोच, सुकट-बोंबील तिखटाशिवाय होत नाहीत म्हणून तेही नको. तेल कमी केले. रात्री उशिरा घरी पोचल्यावर जेवले की जळजळते, म्हणून रात्रीचे जेवण अर्ध्यावर आणले. प्रत्येक वस्तू सोडली की पहिले चार दिवस बरे वाटायचे. मग पुन्हा पोट कुरकुरायचे आणि मी पुढची वस्तू शोधायचो. दीड वर्षात माझ्या यादीत उरले काय, तर चहा, मारी बिस्किटे, भात, पातळ वरण, दुधी भोपळा आणि रात्री दोन पातळ पोळ्या. वजन ६८ किलोवरून ५७ वर आले. लोक विचारीत, मी सांगत असे, पोटाचा आजार आहे, अंगी लागत नाही. आणि धावणे मात्र चालू होते, कारण मुलांना शब्द दिलेला होता.

मैदानावर पडल्यानंतर सर्व तपासण्या झाल्या. रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी. मोठे काही निघाले नाही. डॉक्टरांनी सांगितले की ह्याला आय.बी.एस. म्हणतात, आतडी हळवी झालेली आहेत, साध्या गोष्टीला जास्त उत्तर देतात, जिवाला धोका नाही. मग त्यांनी एक विचित्र काम दिले. आठ दिवस जे तोंडात जाईल ते लिहून आणा, मापासकट. मी बँकेचा माणूस. भरणा स्लिपांच्या पाठीवर सगळे टिपून नेले. त्यांनी बेरीज केली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही उपाशी आहात."

मला राग आला. चांगली नोकरी असलेल्या माणसाला उपाशी म्हणणे म्हणजे काय? पण बेरीज समोर होती. दिवसाचे १२०० उष्मांक, म्हणजे आपण कॅलरी म्हणतो त्या, आतबाहेर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला, तो बैठे काम करणारा असला तरी, सुमारे २११० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाचे काम असेल तर २७१०, आणि जड कष्टाचे असेल तर ३४७०. पंचावन्न किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. रोज पहाटे धावून नंतर दिवसभर राबणाऱ्या माणसाचा खर्च मधल्या आकड्याजवळ जातो. माझी जमा त्याच्या निम्मीही नव्हती. बँकेत असे खाते महिनाभर चालले तर आम्ही नोटीस पाठवतो. मी स्वत:चे दीड वर्ष चालविले होते.

येथे मला एका प्रयोगाची हकीकत सांगितली पाहिजे. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि युरोपात लाखो माणसे उपासमारीने खंगलेली होती. त्यांना परत माणसांत कसे आणावयाचे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. त्यासाठी ३६ धडधाकट तरुण स्वत:हून पुढे आले. हे तरुण कोण, तर तत्त्व म्हणून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले. आपल्या सभागृहात ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्यांना चोवीस आठवडे रोज साधारण १६०० कॅलरींवर ठेवण्यात आले आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर, चालावयास लावले. त्यांचे वजन पाव हिश्शाने उतरले. पण वजनापेक्षा महत्त्वाचे आहे ते बाकीचे. त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. जिना चढवेना. उभे राहिले की चक्कर येई. हसतमुख मुले चिडकी झाली, एकमेकांशी बोलेनाशी झाली, दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागली. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत.

हे मी वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मार्च महिन्यात पंख्याखाली मी स्वेटर घालून बसत असे. घरी मुलांवर विनाकारण ओरडत असे. आणि आकडा पाहा, त्या मुलांना १६०० मिळत होत्या, मला १२००. जे मी पोटाचे दुखणे समजत होतो त्यातले अर्धेअधिक भुकेचे दुखणे होते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी समजावून सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खाणे फार दिवस कमी राहिले की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, आतड्यांची हालचालही सुस्त होते. मग चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, फुगते, साफ होत नाही. माणसाला वाटते, बघा, एवढे थोडे खाल्ले तरी पचत नाही. अजून कमी केले पाहिजे. अशी ही चक्की फिरत राहते.

घरी येऊन आईला सांगितले, डॉक्टर म्हणतात मी उपाशी आहे. आई १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. खडी फोडायला गेलेली, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीवर दिवस काढलेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घरात दाणा नव्हता रे. तुझ्या घरात डबे भरलेत." आणि उठून चुलीशी, म्हणजे आता गॅसशी, गेली. मित्रहो, डॉक्टरांच्या बेरजेपेक्षा मला ते जास्त लागले.

आपल्या समाजात जेवणाचे माप म्हटले की राजा प्रसेनजिताची कथा सांगितली जाते. तो भातावर भात खाऊन धापा टाकत असे आणि तथागतांच्या उपदेशाने हळूहळू मापात आला. कथा उत्तम आहे, आणि ज्याचे पोट सुटलेले आहे त्याने ती जरूर ऐकावी. परंतु ती सांगणारे हे विसरतात की त्याच तथागतांनी अन्न तोडून देह झिजविण्याचा मार्गही करून पाहिला होता आणि सोडून दिला होता. माप दोन्ही बाजूंनी चुकते.

आता प्रश्न असा, की खायचे तर पाहिजे आणि पोट तर ऐकत नाही. मग करावयाचे काय? मी जे केले ते सांगतो. कोणाला लागू पडेल, कोणाला नाही.

पहिली चूक मी सुधारली ती सकाळची. रिकाम्या पोटी निघालो की काउंटरवर त्रास होणार नाही हा माझा हिशेब साफ उलटा होता. रात्रभर विश्रांती घेतलेल्या पोटात सकाळी पहिले अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालते. ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. मी घरी खात नसे, त्यामुळे ही हालचाल व्हायची ती साडेदहाला, शाखेतला पहिला चहा पोटात गेल्यावर, बरोबर रांग लागलेली असताना! आता मैदानावर जाण्यापूर्वी अर्धे केळे, आणि आल्यावर सातच्या आत ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी, दोन उकडलेली अंडी असे नीट जेवण. पुढचा दीड तास मी घरी असतो. काय व्हायचे ते घरीच होते. काउंटरवरून मध्येच उठण्याची वेळ पूर्वी आठवड्यातून दोनदा येत असे, ती आता महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी येते.

दुसरे म्हणजे तीन मोठी जेवणे करण्याऐवजी पाच-सहा लहान. ताट पाहून भीती वाटत असेल तर वाटी पाहावी. साडेअकराला एक केळे खायला दोन मिनिटे लागतात. पाच वाजता बसमध्ये भाजलेले शेंगदाणे व गूळ. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम दाण्यांत १६० ते १७० कॅलरी असतात आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने. पोटात जागा थोडी असेल तर थोड्या जागेत जास्त मावेल असे अन्न घ्यावे. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, तेलातुपाच्या एका ग्रॅममधून ९. म्हणून वरणावर, भातावर, भाकरीवर एकेक चमचा तेल किंवा तूप घेतले की दिवसाला दीडशे-दोनशे कॅलरी न कळत वाढतात. मात्र तेच सगळे तेल एकदम वडा-भजीच्या रूपाने घेतले तर जठर लवकर रिकामे होत नाही आणि रात्री जळजळ ठरलेली. आमच्या शाखेसमोरच्या भजीवाल्याशी माझे आता वैर नाही, पण जाणे-येणे कमी आहे.

आता ज्या वस्तूंना आपण शिव्या देतो त्यांच्याविषयी थोडे. हरभरा, वाटाणा, मटकी, राजमा ह्यांत राफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचविणारा पाचकरस माणसाच्या लहान आतड्यात नसतोच, पैलवानाच्याही नाही. त्या मोठ्या आतड्यात तशाच पोचतात, तेथले जंतू त्या आंबवतात आणि वायू होतो. तेव्हा गॅस होणे हा काही रोग नव्हे; हळव्या आतड्याला तो जास्त जाणवतो इतकेच. ह्या शर्करा पाण्यात उतरतात. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे, दुसऱ्या पाण्यात मऊ शिजवावे. मोड आणले तर आणखी कमी होतात. आमची आजी हे सगळे करीत असे. आम्ही घाईत कुकरमध्ये थेट टाकू लागलो. मी सुरुवात मुगाच्या डाळीपासून केली, एक वाटीपासून, आणि तीन महिन्यांत मोडाच्या मटकीपर्यंत आलो. हरभऱ्याची उसळ अजून सोसत नाही, ती मी सोडून दिली आहे. एक वस्तू सोडायला हरकत नाही. तिच्या जागी दुसरी आली पाहिजे.

दुधाचे तसेच. दुधातली लॅक्टोज ही साखर पचविण्याची शक्ती लहानपणी असते, मोठेपणी आपल्या देशातील पुष्कळांची ती कमी होते. पण दही लावताना जंतूंनी त्यातली काही साखर आधीच वापरलेली असते, म्हणून ज्याला दूध सोसत नाही त्याला दही-ताक बहुधा सोसते. जेवणाबरोबर अर्धा-एक कप दूधही पुष्कळांना त्रास देत नाही.

गहू, कांदा आणि लसूण ह्यांत फ्रुक्टन नावाचा पदार्थ असतो, त्याचाही असाच वायू होतो. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने ह्यावर पुष्कळ काम केलेले आहे. त्यांच्या पद्धतीत असे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवतात, मग एकेक करून परत आणून पाहतात, आणि जे सोसते ते कायम चालू ठेवतात. आपल्याकडे लोक ह्यातली पहिलीच पायरी ऐकतात आणि तेथेच जन्मभर बसतात. मीही बसलो होतो. ज्वारी आणि तांदूळ ह्यांचा ह्या बाबतीत त्रास कमी, म्हणजे ज्या भाकरीला शहरात आल्यावर आपण कमीपणाची समजू लागलो तीच पुन्हा कामाला आली. आणि लसूण अगदीच सोसत नसेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. सुकटीची चव जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मात्र गव्हाच्या बाबतीत एक सावधगिरी. गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला खरोखर इजा होणारा सीलिअ‍ॅक नावाचा आजार काहींना असतो. त्याची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडून बसलात तर तपासणी चुकीने निर्दोष येऊ शकते. तेव्हा आधी तपासणी, मग सोडणे.

आता विद्यार्थी मित्रांकडे वळतो. आपल्या अभ्यासिकेतली बरीच मुले खोली करून राहतात, खानावळीचा डबा खातात आणि रात्री दोन वाजेपर्यंत चहावर जागतात. एका मुलाने मला सांगितले, "सर, अ‍ॅसिडिटी होते म्हणून रात्रीचा डबाच बंद केला, पैसेही वाचले." त्याची उंची चांगली, अभ्यास चांगला, आणि भरतीत छाती भरली नाही. पुरुष उमेदवाराला न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५ लागतात. सोळाशे मीटर तो धावला, पण मोजपट्टीने बाहेर काढला. धावण्याचा खर्च काढणे सोपे आहे. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. पंचावन्न किलोचा मुलगा रोज आठ किलोमीटर धावला तर ४४० कॅलरी, म्हणजे दोन भाकऱ्या. त्या दोन भाकऱ्या नेहमीच्या जेवणावर जास्तीच्या हव्यात. आपली मुले धावणे वाढवतात आणि डबा कमी करतात.

मैदानावर मी पाहतो, काही मुले कच्ची अंडी फोडून पितात आणि भिजवलेले कच्चे हरभरे चघळतात. तालमीची जुनी पद्धत आहे, तिचा अवमान करावयाचा नाही. परंतु अंडे शिजवल्यावर त्यातली प्रथिने जितकी अंगी लागतात त्याच्या जवळजवळ निम्मीच कच्च्या अंड्यातून लागतात, आणि जंतूंची भीती असते ती वेगळीच. अंडे उकडा, हरभरे शिजवा. महागड्या डब्यातली पावडर घेण्याची ऐपत नाही म्हणून कोणी खंत करू नये. अंडी, दाणे, डाळ, सुकट ह्यांत सगळे आहे. भरपेट जेवण आणि धावणे ह्यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. धावताना रक्त पायांकडे वळते, पोटाकडचा पुरवठा घटतो, तेव्हा भरल्या पोटी कळ येणारच.

मुलींविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. त्यांनाही आठशे मीटर धावायचे असते, पण घरात शेवटी जेवण्याची आणि उरलेले खाण्याची सवय त्यांनाच लावलेली असते. "मला पित्त आहे, भूक नाही" हे वाक्य आपल्या घरातील बायका ज्या सहजतेने बोलतात त्यात खरे पित्त किती आणि भांड्यातले उरलेले किती, हे घरातल्या पुरुषांनी एकदा भांड्यात डोकावून पाहावे. पाच वेळा खाण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पाच वेळा करणार कोण? माझी सकाळची अंडी मी स्वत: उकडतो आणि डबा स्वत: भरतो. पत्नीनेच सांगितले होते, की हे भाषणात सांगाल तरच जा!

काही गोष्टी मात्र घरगुती उपायांनी रेटू नयेत. खाणे पुरेसे असूनही वजन उतरणे, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, गिळताना अडणे, झोपेतून उठविणारे जुलाब, संध्याकाळचा ताप, रक्त कमी होणे, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. ह्यातले एकही असेल तर दवाखाना गाठावा. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजूनही आढळतो आणि तो औषधाने बरा होतो, पण वेळेवर गेले तर. अल्सर म्हणजे तिखटाचा आणि काळजीचा रोग अशी जुनी समजूत होती. बॅरी मार्शल ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली स्वत: जंतू पिऊन दाखविले की त्यांनी जठराला सूज येते, २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरन ह्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या जंतूंवर औषध आहे. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. पोटऱ्या दुखतात म्हणून मुले मेडिकलमधून गोळी आणून रिकाम्या पोटी घेतात आणि मग जळजळते म्हणून जेवण सोडतात. ही सवय आजपासून बंद करा.

माझे पोट बरे झाले काय, असे कोणी विचारील. नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस अजून वाईट जातात. त्या दिवशी मी मुगाची मऊ खिचडी, ताक, केळे, उकडलेला बटाटा असे थोडे थोडे घेतो. पातळ शौचास झाल्यास मीठ-साखरेच्या पाण्याचे तयार पाकीट. पण उपास करीत नाही. वजन ६४ वर आले आहे, आणि त्याला चौदा महिने लागले. पहिल्या महिन्यात तर जास्त खाल्ल्याने पोट अधिकच फुगले, तेव्हा मी सोडून देण्याच्या बेतात होतो. डॉक्टरांनी सांगितले, दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरींनीच वाढवा, आतड्यालाही सवय होऊ द्या. ते मानले म्हणून निभावले. मागच्या महिन्यात चारही फेऱ्या पूर्ण केल्या. मुलांच्या मागून, पण केल्या.

संस्थेने अभ्यासिकेत वजनकाटा ठेवावा अशी विनंती मी केली होती, ती मान्य झाली आहे. काटा ग्रंथपालांच्या टेबलाशेजारी आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आठ दिवस खाल्लेले सर्व वहीत लिहावे, चहातली साखरसुद्धा, आणि वही घेऊन रविवारी सकाळी मैदानावरून परतताना तेथे यावे. बेरीज मी करून देईन. तेवढे काम मला येते. ज्यांचे वजन तीन महिन्यांत उतरलेले दिसेल त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाण्याचेही मी कबूल केलेले आहे. आणि त्या रविवारी येताना कृपया काही खाऊन या.